जिथे आपलं कोणी नाही, तिथे दूतावास कशाला?

मार्च २०१५च्या शेवटच्या आठवड्यात येमेनवर सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा त्या देशात काही हजार भारतीय होते. त्यांत केरळच्या नर्स मोठ्या संख्येने होत्या, कामगार होते, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली कुटुंबंही होती. एडन शहराच्या रस्त्यांवर लढाई चालू होती. ३१ मार्चच्या रात्री आयएनएस सुमित्रा हे आपल्या नौदलाचं जहाज एडनच्या बंदरातून साधारण साडेतीनशे माणसं घेऊन निघालं. पुढचे दहाएक दिवस जहाजं आणि विमानं अशीच खेपा घालत राहिली. साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि ४१ देशांचे साडेनऊशेहून जास्त परदेशी नागरिक सुखरूप बाहेर आले. 'ऑपरेशन राहत' हे नाव तुम्ही ऐकलं असेल.

यातली बहुतेक माणसं आधी जिथे उतरली, त्या जागेचं नाव मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जिबुती. लाल समुद्राच्या तोंडाशी, येमेनच्या समोरच्या किनाऱ्यावरचा, आफ्रिकेतला एक चिमुकला देश. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. एडनहून जहाज तिथे यायचं आणि तिथून हवाई दलाची, एअर इंडियाची विमानं कोची आणि मुंबईकडे निघायची. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग जिबुतीतच तळ ठोकून होते.

आणि त्या वेळी जिबुतीत भारताचा दूतावास नव्हता. शेजारच्या इथिओपियात आदिस अबाबाला असलेला आपला राजदूतच जिबुतीचंही काम बघायचा.

आता एक कल्पना करा. २०१५च्या आधी परराष्ट्र मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने टिपण लिहिलं असतं, की जिबुतीत दूतावास उघडावा. वरच्या साहेबांनी काय विचारलं असतं? व्यापार किती? फार नाही. भारतीय किती? थोडेसे. तेल, खनिजं? नाहीत. मग खर्च कशासाठी? फाइल परत. आणि खरं सांगायचं तर त्या साहेबाला दोष देता आला नसता. हातात पैसे कमी, माणसं कमी आणि जग मोठं. कुणीतरी कुठेतरी 'नाही' म्हणायलाच हवं.

माझा प्रश्न त्या 'नाही'बद्दल आहे. एखादं सरकार दूरच्या प्रदेशासाठी योजना आखतं, किती दूतावास, किती अधिकारी, किती कर्ज, किती शिष्यवृत्त्या हे ठरवतं, तेव्हा ते नेमकं कशाच्या आधारावर ठरवायला हवं? आपल्याला काय मिळेल, एवढा एकच प्रश्न तिथे पुरेसा आहे का?

हजार माणसं आणि सगळं जग

मार्च २०१८मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आफ्रिकेत १८ नवे दूतावास उघडायला मंजुरी दिली. यादी वाचली तर शाळेतला भूगोल आठवावा लागतो. बुर्किना फासो, चाड, टोगो, लायबेरिया, सिएरा लिओन, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी, रवांडा, सोमालिया, साओ टोमे आणि प्रिन्सिपे. जिबुतीही त्यात होतं. आफ्रिकेतल्या आपल्या दूतावासांची संख्या २९ वरून ४७ वर न्यायची, असं ठरलं. पहिला दूतावास त्याच वर्षी रवांडाची राजधानी किगालीत उघडला.

दूतावास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा बंगला, झेंडा, पार्ट्या येतात. अशा लहान देशांतला दूतावास प्रत्यक्षात म्हणजे भाड्याची इमारत, एक राजदूत, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे अधिकारी-कर्मचारी, आणि तिथलेच नेमलेले दुभाषे, ड्रायव्हर, कारकून. पण एवढी माणसंसुद्धा आणायची कुठून? भारतीय परराष्ट्र सेवेतले अधिकारी साधारण हजाराच्या घरात आहेत. त्यातले बरेच दिल्लीत मंत्रालयात बसतात. उरलेल्यांनी जगभरातल्या दोनशे-सव्वादोनशे दूतावासांचं आणि वाणिज्य दूतावासांचं काम ओढायचं. टोगोत एक अधिकारी पाठवला, की दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावरचा एक माणूस कमी होतो.

पैशांचंही तसंच. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाला साधारण साडेवीस हजार कोटी रुपये मिळाले, म्हणजे देशाच्या एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यात एकट्या भूतानसाठी मदत दोन हजार कोटींहून अधिक आणि आफ्रिकेतल्या देशांसाठी, मॉरिशस आणि सेशेल्स वेगळे ठेवून, साधारण सव्वादोनशे कोटी. शेजार आधी, हे सूत्र यात स्पष्ट दिसतं. घराला आग लागली तर पाणी घेऊन शेजारीच आधी येणार, त्यामुळे ते चूकही म्हणता येत नाही.

म्हणजे योजना आखणं म्हणजे शेवटी वाटणी करणं आहे. आणि वाटणी आली, की न्याय-अन्यायाचा प्रश्न आलाच. घरातल्या चार भावंडांत एक आंबा कापताना आई जो विचार करते, तोच इथे देशाच्या पातळीवर करायचा आहे. फरक इतकाच, की इथे काही भावंडं मतदार आहेत आणि काहींना आपण कधी पाहिलेलंही नाही.

गळक्या छपराचा प्रश्न

सगळ्यात आधी सगळ्यात अवघड आक्षेप घेऊ. तो असा: जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर पावसाळ्यात गळतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, आणि सरकार इक्वेटोरियल गिनीत दूतावास उघडतं. हा पैसा कुणाचा? साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या बाईचाही आहे. तिला विचारलं होतं का?

या आक्षेपाला 'भारत आता महासत्ता होतोय' असं उत्तर देणं म्हणजे त्या बाईची थट्टा आहे. तिला महासत्तेचा काय उपयोग? दूतावास नसता तर तेवढे पैसे त्या छपरालाच लागले असते असं नाही, हेही खरं, पण ते फारच सोयीचं उत्तर झालं. तिच्या पैशाचा हिशेब तिला नीट द्यायला हवा.

हिशेबाचा एक भाग देता येतो. ऑगस्ट २०२२मध्ये 'हिरोइक इडुन' नावाचं तेलवाहू जहाज इक्वेटोरियल गिनीच्या नौदलाने अडवलं. जहाजावर २६ खलाशी, त्यांत १६ भारतीय. नायजेरियाच्या समुद्रातून तेल चोरल्याचा संशय. पुढे नोव्हेंबरमध्ये त्यांना नायजेरियाच्या ताब्यात देण्यात आलं आणि २०२३च्या मध्यावर ते सुटले. दहाएक महिने ही माणसं परक्या देशांत अडकून होती. त्यातले पहिले काही महिने ज्या मलाबो शहरात ती होती, तिथे तोवर आपला दूतावास उघडलेला होता. १८ देशांच्या त्याच यादीतला. त्या दूतावासाला खलाशांना लगेच सोडवता आलं नाही. पण त्यांना जाऊन भेटणारं, तिथल्या सरकारच्या दारात उभं राहणारं, घरच्यांना खरं काय ते कळवणारं कुणीतरी होतं.

जहाजावर काम करणारा हा माणूस कोण असतो? कोकणातल्या कितीतरी घरांतला एकजण 'शिपवर' असतो. केरळात, गोव्यात, उत्तर प्रदेशात, बिहारमध्येही अशी घरं आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये यादवी पेटली, तेव्हा 'ऑपरेशन कावेरी'त ज्यांना बाहेर काढलं, त्यांत कर्नाटकातल्या हक्की-पिक्की या आदिवासी समाजाचे लोक होते. जडीबुटी आणि तेलं विकायला ते सुदानपर्यंत पोचले होते. म्हणजे साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या बाईचाच मुलगा, भाऊ, नवरा तिथे असतो. सरकारी योजनेत त्या देशाचं नाव यायच्या किती तरी आधी आपली गरीब माणसं पोटासाठी तिथे जाऊन पोचलेली असतात.

तर हिशेबाचा हा एक भाग झाला. दूतावास हा विमा आहे. आग लागल्यावर विमा काढता येत नाही, तसं लढाई पेटल्यावर दूतावास उघडता येत नाही.

पण इथे थांबलो तर आपण स्वतःलाच फसवू. जिबुती काय किंवा मलाबो काय, घडून गेल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. यादीतल्या कितीतरी देशांत असं काही घडणारही नाही. शिवाय विम्याचा युक्तिवाद शेवटी आपल्याच फायद्याचा आहे. फक्त फायदा उशिरा आणि कदाचित मिळेल, इतकंच. जिथे आपला एकही माणूस नाही, जिथून आपल्याला काहीच मिळणार नाही, त्या देशाशी आपलं काही देणं-घेणं असावं का, हा मूळ प्रश्न अजून तसाच उभा आहे.

औंधचा राजपुत्र नैरोबीत

या प्रश्नाला एक मराठी माणूस फार आधी भिडला होता. आप्पासाहेब पंत. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजपुत्र. त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी माहीत असतात. पण त्यांनी त्याहून मोठं काम केलं होतं. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ साली आपल्या संस्थानातली सत्ता गावांच्या हाती सोपवणारी राज्यघटना आणली. आप्पासाहेब त्या प्रयोगात होते. राजाने स्वतःहून सत्ता सोडताना त्यांनी घरात पाहिलं होतं.

१९४८ साली नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार एवढा प्रदेश. नव्याने स्वतंत्र झालेल्या, फाळणीने पोळलेल्या, अन्नाची टंचाई असलेल्या देशाकडे साधनं ती किती असणार? तरी माणूस पाठवला.

त्या वेळची फाइल डोळ्यांसमोर आणा. तिथे भारताचं 'हित' कोणतं? उत्तर अगदी सरळ होतं. १८९६पासून युगांडा रेल्वे बांधायला तीसेक हजार भारतीय मजूर नेले होते. काही तिथेच राहिले. त्यांच्या मागून दुकानदार गेले, कारकून गेले, वकील गेले. या भारतीय वस्तीचं रक्षण करणं, तिच्यासाठी गोऱ्या सरकारकडून आणखी काही हक्क मिळवणं, हे हित. सत्ता इंग्रजांची, म्हणून इंग्रजांशी गोडीत राहणं, हेही हित. आफ्रिकी माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. त्याच्याकडे ना सत्ता होती, ना पैसा, ना जमीन. जमीन होती ती काढून घेतलेली होती.

नेहरूंची भूमिका वेगळी होती. आफ्रिका आफ्रिकनांची आहे, तिथल्या भारतीयांनी त्यांच्या हक्काच्या आड येऊन स्वतःसाठी सवलती मागू नयेत, असं ते उघडपणे म्हणत. आप्पासाहेबांनी ते मनापासून अंगावर घेतलं. ते जोमो केन्याटांना आणि इतर आफ्रिकी नेत्यांना भेटू लागले. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला पाठवू लागले. १९५२च्या ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी आली, केन्याटांना पकडलं, तेव्हा त्यांच्या बचावासाठीच्या वकिलांत भारतातून आलेले दिवाण चमनलालही होते. इंग्रज सरकार आप्पासाहेबांवर चिडलं. हा माणूस इथून हलवा, असा दबाव दिल्लीवर आला. १९५४ साली त्यांना केनिया सोडावं लागलं. पुढे ते सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, ब्रिटन असे अनेक ठिकाणी गेले.

ही गोष्ट आपण सहसा अशी संपवतो, की बघा, चांगुलपणाचं फळ मिळालं, १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, केन्याटा नेते झाले, भारताला मित्र मिळाला. ते खोटं नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९७२च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. हजारो कुटुंबं दुकानं, घरं, पिढ्यांची कमाई मागे टाकून निघाली. नेहरूंची भूमिका, आप्पासाहेबांनी जोडलेली माणसं, शिष्यवृत्त्या, यातलं काहीही त्या वेळी त्यांच्या कामी आलं नाही.

मला ही गोष्ट यासाठीच महत्त्वाची वाटते. योग्य वागण्याचं फळ मिळालं नाही तर ते वागणं चुकीचं ठरतं का? आप्पासाहेबांनी आफ्रिकनांची बाजू घेतली ती पुढे फायदा होईल म्हणून घेतली असती, तर १९७२ साली तो सौदा बुडाला असं म्हणावं लागलं असतं. पण जमीन लुबाडलेल्या माणसाची बाजू घेणं हे १९४८ सालीच योग्य होतं. त्याला पुढच्या निकालाची गरज नव्हती. पुढे काय मिळेल हे कुणालाच ठाऊक नसतं. आज समोर काय चाललंय हे मात्र दिसतं. आणि ते दिसण्यासाठी तिथे माणूस लागतो.

दूतावासाचं मला पटलेलं पहिलं कारण हे आहे. आपला माणूस तिथे असला तर तो आपलं म्हणणं त्यांना सांगतो, हे खरंच. पण त्याहून मोठं काम म्हणजे त्यांचं म्हणणं तो आपल्यापर्यंत आणतो. दिल्लीच्या नकाशावर नैरोबी म्हणजे 'भारतीय वस्ती' होती. तिथे जाऊन राहिलेल्या माणसाला ते आफ्रिकनांचं शहर दिसलं. ज्या देशात आपलं कुणीच नाही, त्याच्याबद्दल आपण फक्त आपल्या फायद्याचाच विचार करू शकतो. दुसरं काही सुचायला समोर माणूसच नसतो.

सुरू करणं आणि बंद करणं

दुसरं कारण शब्द देण्याचं आहे.

२००१ साली एड्सवरची तीन औषधांची उपचारपद्धती पाश्चात्त्य कंपन्यांकडून घ्यायची तर एका रुग्णाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च यायचा. आफ्रिकेत लाखो माणसं औषधाविना मरत होती. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधं एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. भारताचं नाव आफ्रिकेतल्या दवाखान्यांत पोचलं, त्यात या एका निर्णयाचा वाटा कुठल्याही शिखर परिषदेहून कमी नाही. २००३ साली अमेरिकेनेही एड्ससाठी मोठा मदत कार्यक्रम सुरू केला. तोही फार मोठं काम होतं. कोट्यवधी माणसं जगली.

मग जानेवारी २०२५मध्ये नव्या अमेरिकी सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. एड्सचं औषध एकदा सुरू केलं की आयुष्यभर रोज घ्यावं लागतं. रुग्णाच्या हातात गोळी देणारी नर्स, तपासणी करणारा माणूस, त्या गावात पोचणारी गाडी, यातलं बरंच काही एका सहीने थांबलं.

अमेरिकेतल्या करदात्याचाही तोच प्रश्न होता: माझा पैसा तिकडे का? प्रश्न गैर नाही. २००३ साली त्याचं उत्तर 'देणार नाही' असं दिलं असतं, तर ते कठोर ठरलं असतं. पण वीस वर्षं दिल्यावर, एका माणसाचं जगणं आपल्या गोळीवर उभं केल्यावर अचानक हात काढून घेणं, हे त्याहून वेगळं आणि जास्त वाईट आहे. न दिलेल्या शब्दाचं ओझं कमी असतं. दिलेला शब्द मोडला की समोरच्याने त्यावर रचलेलं सगळं कोसळतं.

आपल्यालाही हे लागू आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये दिल्लीत तिसरी भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली. आफ्रिकेतले ५४ही देश आले. पाच वर्षांत दहा अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज आणि ५० हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. पुढची परिषद २०२०च्या सुमारास व्हायची होती. आधी करोना आला, मग आणखी काही. ती वर्षानुवर्षं लांबत गेली. मध्यंतरी २०२३ साली दिल्लीच्या जी-२० परिषदेत आफ्रिकी महासंघाला कायमचं सदस्यत्व मिळालं, त्यात भारताचा पुढाकार होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सन्मान करणं आणि दर तीन-चार वर्षांनी नेमाने भेटून हिशेब देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीनचा परराष्ट्रमंत्री १९९१पासून दर वर्षाची पहिली परदेशवारी आफ्रिकेत करतो. चीनच्या आफ्रिकेतल्या हेतूंबद्दल, कर्जांबद्दल हवी तेवढी टीका करा, ती करण्यासारखी आहेही. पण नेम हीसुद्धा एक संपत्ती आहे आणि तिला पैसे फार लागत नाहीत.

म्हणून गरीब देशाने योजना आखताना पहिला नियम हा ठेवावा असं मला वाटतं: झेपेल तेवढंच बोला, आणि बोललं की करा. १८ दूतावास उघडून त्यात माणसं न नेमण्यापेक्षा दहा उघडून ते चालवणं बरं. दहा अब्ज जाहीर करून मंजुरीच्या फायलींत अडकवण्यापेक्षा दोन अब्ज वेळेत पोचवणं बरं. यात लहानपणा नाही. उसनं घेतलेल्या पैशांनी थाटात लग्न लावणाऱ्या घरापेक्षा चार माणसांना पोटभर जेवू घालणारं घर पाहुण्यांच्या जास्त लक्षात राहतं.

बजेटमध्ये न येणारी गोष्ट

तिसरी गोष्ट कुठल्याच सरकारी योजनेत लिहिलेली नसते.

जानेवारी २०१६मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाला रिक्षावरून झालेल्या भांडणात ठार मारण्यात आलं. दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी त्या वर्षीच्या आफ्रिका दिनाच्या सरकारी कार्यक्रमावर बहिष्कार टाकण्याचा इशारा दिला. मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये मारहाण झाली, तिचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आफ्रिकेतल्या लोकांनीही पाहिले. त्यांच्याकडेही आपल्यासारखेच फोन आहेत.

म्हणजे एकीकडे सरकार कोट्यवधी खर्चून किगालीत, लोमेत झेंडा लावतं, आणि दुसरीकडे आपल्याच एखाद्या गल्लीत तो झेंडा कुणीतरी चिखलात टाकतं. पुण्यात आफ्रिकेतून आलेली कितीतरी मुलं शिकतात. त्यांतली काही भारत सरकारच्याच शिष्यवृत्तीवर येतात. त्या मुलाला वर्गात कुणी शेजारी बसू देतं का, घरमालक खोली देतो का, रिक्षात बसताना मागून काय हाक येते, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे. पाच वर्षांनी तो घरी जाईल. कदाचित मंत्री होईल, कदाचित शिक्षक. भारत कसा आहे, असं कुणी विचारलं की तो आपल्या राजदूताचं भाषण सांगणार नाही. तो घरमालकाबद्दल सांगेल.

घानाच्या विद्यापीठात २०१६ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं होतं. तरुण गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं होतं, त्यावर तिथल्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि २०१८ साली तो पुतळा काढण्यात आला. गांधी पुढे बदलले, हे आपण सांगतो, आणि ते खरं आहे. पण ज्यांना आज इथे रस्त्यात मार खावा लागतो, त्यांना आपण कितपत बदललो हे कोण सांगणार?

फाइल पुन्हा उघडली तर

तर त्या कल्पनेतल्या साहेबाच्या टेबलावर जिबुतीची फाइल पुन्हा आली, असं समजू. आपल्याला काय मिळेल, हा प्रश्न त्याने विचारावाच. साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या बाईच्या वतीने तो विचारणं त्याचं कर्तव्य आहे. पण त्याखाली आणखी तीन प्रश्न लिहावेत. तिथे आपली कोणती माणसं आधीच पोचली आहेत, जी आपल्या आकडेवारीत नाहीत? तिथल्या लोकांना काय हवं आहे, हे आपल्याला कुणाकडून कळतं? आणि आज जो शब्द देतोय, तो वीस वर्षांनी, सरकार बदललं, पैसे आटले तरी पाळता येईल का?

उत्तर तरीही 'नाही' असू शकतं. सगळीकडे जाणं कुणालाच झेपत नाही. पण मग ते 'नाही' कशामुळे, हे त्या साहेबाला आणि आपल्याला ठाऊक असेल. त्या देशाची काही किंमत नाही म्हणून 'नाही', आणि आज आपली ऐपत नाही म्हणून 'नाही', यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या 'नाही'ला लाज असते, आणि ऐपत आली की ते पुन्हा विचारायला लावतं.

ऑक्टोबर २०१७मध्ये रामनाथ कोविंद राष्ट्रपती झाल्यावर पहिल्या परदेश दौऱ्यासाठी जिबुतीला गेले आणि २०१५च्या मदतीबद्दल त्यांनी आभार मानले. त्याआधी भारताचा कुठलाही मोठा नेता तिथे गेला नव्हता. पुढच्याच वर्षी जिबुतीचं नाव दूतावासांच्या यादीत आलं.

दिल्लीत मात्र जिबुतीचा दूतावास त्याच्या बराच आधीपासून होता. दहा लाखांच्या, वाळवंटी, कर्जात असलेल्या देशाने आपल्या तुटपुंज्या माणसांतला एक माणूस इथे पाठवून ठेवला होता. तिथल्या कुणा अधिकाऱ्यालाही तेव्हा विचारलं गेलंच असेल, की एवढ्या लांब दूतावास कशाला. आणि एप्रिल २०१५मध्ये आपली माणसं त्यांच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा भारताने आपल्याकडे दूतावास का उघडला नाही, असं त्यांनी विचारलं नाही.